पिन घासून बसवलेलं हँडल : आठ महिने, साडेसात हजार किलोमीटर

जुलैतल्या एका शनिवारी भर पावसात खंबाटकी घाट चढताना माझ्या गाडीची रेस सोडल्यावर परत आलीच नाही. पुढे कंटेनर, मी दुसऱ्या गिअरमध्ये. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. अंगठा सवयीने इंजिन बंद करायच्या लाल बटणाकडे गेला, तर बटण जागेवर नव्हतं. उजव्या स्विचची अख्खी डबी हँडलच्या दांड्याभोवती फिरून माझ्याकडे वळली होती. क्लच तसाच धरून, मागचा ब्रेक दाबून, उजव्या हाताने चावी फिरवली आणि गाडी कडेला घेतली. पाच मिनिटं नुसता उभा होतो.

आता मुळापासून सांगतो. गाडी २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, जुन्या ३४६ सीसी इंजिनाची. जानेवारीत पार्किंगमध्ये टेम्पोने पाडली आणि हँडल डाव्या बाजूने वाकलं. फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) आणि टी (फोर्क वरून जोडणारा भाग) सरळ आहेत हे आधी तपासून घेतलं. ते वाकलेले असतील तर नवं हँडल टाकूनही गाडी एका बाजूला ओढत राहते. मग पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो.

माझ्या गाडीला ग्रिपपासून क्लॅम्पपर्यंत (हँडल मधोमध जिथे आवळलेलं असतं तिथपर्यंत) २२ मिलीमीटरचा दांडा लागतो. मधे २८.६ मिलीमीटर जाडीचे, टोकांना निमुळते होत २२ वर येणारे अॅल्युमिनियमचे दांडेही होते. दिसायला देखणे, वजनाला हलके. पण त्यांना क्लॅम्प वेगळे घ्यावे लागतात आणि खर्च दुपटीवर जातो. शिवाय अॅल्युमिनियम वाकलं तर सरळ करायचं नसतं, सरळ टाकूनच द्यायचं. म्हणून १,३०० रुपयांचं स्टीलचं घेतलं. जुन्यापेक्षा साधारण चार सेंटीमीटर उंच, रायडरकडे थोडं जास्त वळलेलं आणि दोन्हीकडून अडीच-अडीच सेंटीमीटर रुंद. फिटिंगचे २५० वेगळे.

फिटिंग करणारा मुलगा म्हणाला, "काका, या दांड्याला स्विचचं भोक नाहीये. पिन घासून टाकतो, सगळे तसंच करतात." मी हो म्हटलं. हे हो म्हणणं मला अजून टोचतं.

ज्यांनी स्विच कधी उघडला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्विचच्या डबीच्या आत एक छोटीशी पिन असते. ती दांड्यावरच्या भोकात बसते आणि डबीला फिरू देत नाही. माझ्या गाडीत रेसची वायर उजव्या डबीतूनच जाते. पिन घासली की डबी फक्त दोन स्क्रूंच्या दाबावर उभी राहते. रेस पिळताना प्रत्येक वेळी थोडा ओढा तिच्यावर येतो, रोज, शेकडो वेळा. वरून दांडा गुळगुळीत क्रोमचा, त्यात पाऊस. डबी फिरली, वायर ताणून मुडपली आणि आतली तार अडकली.

पहिले पाच महिने मात्र मी या हँडलची तारीफच करत होतो आणि ती खोटी नव्हती. पुणे-सातारा जवळजवळ दर आठवड्याला होतं. पूर्वी शिरवळ येईपर्यंत खांद्यांच्या मधे दुखायला लागायचं, ते पूर्ण थांबलं. डोळे मिटून सीटवर बसायचं, हात सैल पुढे करायचे आणि मनगट न मुडपता ग्रिप हातात येते का ते बघायचं. हँडल निवडायची यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही. दुकानात मी तेवढं केलं होतं आणि ते अचूक निघालं.

हाताला मुंग्या मात्र जास्त यायला लागल्या. मार्चपर्यंत मी त्यासाठी दांड्याला दोष देत होतो, ते मत आता बदललंय. टोकांना वजनं बसवली, ३५० रुपयांची जोडी, आणि साठ-सत्तरच्या वेगातली झिणझिण निम्म्याने कमी झाली. घेताना दांड्याचं आतलं माप घेऊन जा. दांड्याच्या पत्र्याची जाडी बदलली की आतला व्यास बदलतो. माझी पहिली जोडी आत सैल बसली म्हणून परत करावी लागली. २०२१ नंतरच्या ३४९ सीसी इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्या गाडीवाल्यांना हा त्रास इतका जाणवणार नाही.

खंबाटकीच्या त्या दिवशी गाडी हळूहळू घरी नेली. आमचे अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी डबी उघडली, घासलेली जागा नखाने चाचपली आणि मला विचारलं, "हे तुझ्यासमोर केलं?" मी हो म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मला वाटत होतं डबीखाली ट्यूबचं रबर गुंडाळून आवळून टाकू. अप्पांनी साफ नकार दिला. रबर ओलं झालं की घसरतं, आणि जास्त आवळलं तर डबीच तडकते. जुन्याची पिनच घासलेली, म्हणून नवा स्विच घ्यावा लागला, १,१५० रुपये. १,३०० च्या दांड्यापायी १,१५० चा भुर्दंड, केवळ एका भोकासाठी! दुकानात परत गेलो तर मालक म्हणतो, "हँडलला काय झालंय? सरळ तर आहे." अर्धा तास हुज्जत घातली तेव्हा फिटिंगचे २५० परत मिळाले. स्विचचे नाहीत.

भोक अप्पांनी पाडलं. आधी मी गाडीवर बसलो. हात सहज ठेवून ब्रेकची लिव्हर आणि बटणं कुठे यायला हवीत ते ठरवलं. पिनेला खडू लावून डबी दाबली, दांड्यावर ठिपका उमटला. ड्रिल घसरू नये म्हणून त्यावर सेंटर पंचने खळगा, मग ३ मिलीमीटरचं बारीक भोक आणि शेवटी पिनेच्या मापाचं. एकाच बाजूने, आरपार नाही. कडा कानशीने साफ करून आत गंज धरू नये म्हणून रंगाचा थेंब. वीस मिनिटांचं काम. भोकाने दांडा कमजोर होतो असं त्या मुलाने सांगितलं होतं. अप्पांचं म्हणणं, दांड्यावरचा ताण क्लॅम्पपाशी सर्वात जास्त असतो आणि स्विचपाशी त्याहून बराच कमी. नीट पाडलेल्या एका छोट्या भोकाने काही होत नाही. चुकून शेजारी दुसरं पाडलं तर मात्र तो दांडा वापरायचा नाही.

मग गाडी चालू करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं. डावीकडे वळवताच इंजिनाची स्लो (रेस न देता फिरण्याचा वेग) वाढली, म्हणजे रेसची वायर कुठेतरी ताणली जात होती. उंच हँडलला हे होऊ शकतं. टाकीखालून वायरचा मार्ग बदलला तेव्हा थांबलं. ही तपासणीसुद्धा दुकानात कोणी केली नव्हती. ब्रेकचा होज (तेलाची नळी) सुदैवाने पुरला.

आता सप्टेंबर. डबी केसभरही हललेली नाही आणि लाल बटण अंगठ्याखाली असतं. दांडा मी बदलणार नाही, पाठीला याच्याइतकं सुख दुसऱ्या कशाने मिळालेलं नाही. फक्त रुंदी शहरात नडते. लक्ष्मी रोडला दोन रिक्षांमधून गाडी निघत नाही. दोन्ही टोकांनी दोन-दोन सेंटीमीटर कापावं असं अनेकदा मनात येतं. पण कापलं की स्विच आत सरकवावे लागतील आणि पहिल्याच्या शेजारी नवं भोक पाडावं लागेल. म्हणून कापत नाही.