फोंड्यातील सर्व्हर-सेवा : मंद डिस्कचे नेमके निदान

आमच्या हिशेबनीस कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर केव्हीएमच्या (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याच्या लिनक्समधील सोयीच्या) आधारे चालणारे विंडोजचे व्हर्च्युअल मशीन इतके मंदावले होते की, जीएसटीची नोंदवही उघडायलाही ताटकळावे लागे. म्हणून फोंड्यातील एका छोट्या सेवाकेंद्राला बोलावले. नवी एसएसडी गळ्यात न मारता तंत्रज्ञाने आधी मोजमाप घेतले, हे मला विशेष वाटले. डिस्कवरील कामाचा भार दाखवणारी 'आयोस्टॅट' ही आज्ञा चालवून मूळ सर्व्हरची डिस्क बहुतांशी रिकामी बसलेली असल्याचे, तर आतल्या विंडोजमध्ये मात्र विनंत्यांची रांग लागल्याचे त्याने दाखवले. म्हणजे खोट मधल्या थरात होती. डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने जोडलेली होती, जिच्यात एका वेळी एकच विनंती पुढे सरकते. तिच्याऐवजी व्हर्टआयओ ही व्हर्च्युअल मशीनसाठीची वेगवान जोडणी वापरायची होती, पण तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळात नसतो. त्यामुळे एक लहानशी जादा डिस्क जोडून तो आधी बसवला आणि मगच मुख्य डिस्कची जोडणी बदलली, अन्यथा विंडोज सुरूच झाले नसते. साचलेले स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या जतन केलेल्या स्थिती) बॅकअप घेतल्यानंतर मूळ फाइलीत विलीन केले. वेग आणखी वाढवण्यासाठी कॅशे (लिहायचा डेटा तात्पुरता धरून ठेवणारी मेमरी) 'अनसेफ' ठेवण्याचा सोपा मार्ग मात्र त्याने ठामपणे टाळला, कारण त्यात डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी दगा देईल याचा नेम नसतो.

दर वाजवी आहेत. केलेल्या बदलांची लेखी नोंद मात्र मागूनही मिळाली नाही, ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.