चक्का, अंडं की काजू? सॅलडवर घरचं ड्रेसिंग निवडताना

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईतून काकडी, गाजर, कोबी, लेट्यूस आणलं. वर घालायला बाटलीतलं काही नको, घरीच केलेलं दाटसर ड्रेसिंग हवं, तर तीन पर्याय आहेत: दह्याचा चक्का, अंड्याचं मेयोनीज आणि काजूची पेस्ट. माझं मत आधीच सांगते, रोजच्या खाण्याला चक्का. पण सॅलड ताटात वाढायचं की डब्यात न्यायचं, हे पहिल्यांदा ठरवा.

नुसत्या चवीवर मेयोनीजला तोड नाही. एका बलकात साधारण वाटीभर तेल सामावतं, कारण बलकातलं लेसिथिन तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतं. मात्र सुरुवातीला तेल अक्षरशः थेंबाथेंबाने घालायचं. मिश्रण फुटलंच तर दुसरा बलक घेऊन त्यात ते हळूहळू फेटत घाला, सावरतं. तेल सूर्यफुलाचं घ्या. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास भाज्यांवर कुरघोडी करतो.

अडचण कच्च्या अंड्याची आहे. त्यातून साल्मोनेला या जिवाणूची बाधा होऊ शकते. तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती याच काळजीपोटी. ठाण्याच्या दमट उकाड्यात, सकाळच्या लोकलमधून दुपारपर्यंत हे डब्यात नेणं मला मुळीच पटत नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ताटातही नको. बाकीच्यांनी ताजं करावं, लगेच खावं.

चक्क्याला हात कमी लागतो, वेळ जास्त. अर्धा लिटर दही मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली भांडं देऊन चार-पाच तास फ्रिजमध्ये राहू द्या. बाहेर टांगलं तर आपल्या हवेत ते आंबटच होणार. मग त्यात अर्धा चमचा फेसलेली मोहरी, ठेचलेली लसणाची पाकळी, लिंबू, चिमूटभर साखर आणि चमचाभर तेल घालून हाताने फेटा. मिक्सरला लावू नका, पातळ होतं. फेसलेल्या मोहरीचा तो नाकात जाणारा झटका काकडी-कोबीवर इतका खुलतो, की मेयोनीजची आठवण राहत नाही. दह्यातल्या कोशिंबिरीवर वाढलेल्या घरात हे सॅलड ज्येष्ठ मंडळीही मागून घेतात, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. शिवाय मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात 90 ते 100 कॅलरी असतात, तेवढ्याच चक्क्यात साधारण त्याचा चौथा हिस्सा.

काजूची पेस्ट महाग पडते आणि चवीला गोडसर लागते. दूध-अंडं दोन्ही वर्ज्य असेल तर तीच घ्या. काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून लिंबू-मिरीसोबत गुळगुळीत वाटा. बीट-गाजरावर ती छान बसते, लेट्यूसला जड होते.

कुठलंही निवडा, पानं धुतल्यावर फडक्याने कोरडी करा, नाहीतर ड्रेसिंग घसरून तळाशी जातं. मिठाने काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं, म्हणून डब्यात ड्रेसिंगची डबी वेगळी द्या आणि मीठ त्या डबीतच घाला, भाज्यांवर नको. चक्क्याची डबी ऑफिसात पोहोचल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवायची.