झूलाघर, वेळेची डायरी की पुरुषांशी बोलणं? इंदूरच्या एका वॉर्डासाठी निवड करताना

इंदूरमधल्या एखाद्या महिला मंडळाकडे किंवा छोट्या संस्थेकडे तीन वर्षांचा निधी आला आहे, वॉर्ड ठरला आहे आणि विषयही ठरला आहे: बायकांचं घरातलं बिनपगारी काम. स्वयंपाक, धुणी-भांडी, पाणी भरणं, लेकरं सांभाळणं, आजाऱ्याचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं. बैठक अडते ती प्रस्तावात नेमकं काय लिहायचं यावर. कुणाला जाणीवजागृती हवी असते, कुणाला झूलाघर, म्हणजे पाळणाघर. कुणी म्हणतं आधी पुरुषांशी बोला, कुणी म्हणतं सरळ बाईच्या हातात पैसे द्या. हे पर्याय शेजारी ठेवून पाहायचे तर मोजमाप एकच असावं असं मला ठामपणे वाटतं: तिच्या दिवसातला किती वेळ मोकळा झाला आणि तो भार उचलला कोणी? भार शाळकरी मुलीवर, थकलेल्या सासूवर किंवा आणखी गरीब बाईवर गेला असेल, तर आपण फक्त ओझ्याची जागा बदलली.

हे मोजमाप का, ते देशाच्या आकड्यांतच दिसतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषाचे ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचाही वेळ थोडा घटला, पण दोघांमधलं अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. पाच वर्षांत एक मिनिट. शिवाय पुरुषांची सरासरी फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची आहे. २०१९ मध्ये असे पुरुष होते २६ टक्के, बाकीच्यांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. काम हलकं करणं आणि काम वाटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्त्रीवादी अर्थतज्ज्ञ डायेन एल्सन यांनी या कामासाठी तीन पायऱ्या मांडल्या: त्याची दखल घ्या, ते कमी करा, त्याची नव्याने वाटणी करा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये त्यात मोबदला आणि प्रतिनिधित्व यांची भर घातली. पुढचा प्रत्येक पर्याय यातल्या एखाद-दोन पायऱ्यांवरच चढतो. सगळं करतो असं सांगणारा प्रस्ताव आला, तर त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावं.

सर्वांत स्वस्त पर्याय वेळेच्या डायरीचा. राष्ट्रीय सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा दिवस धरतात आणि अर्ध्या अर्ध्या तासाने काय केलं ते नोंदवतात. भारतातलं अशा प्रकारचं पहिलं मोठं सर्वेक्षण १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झालं आणि मध्य प्रदेश त्यात होता. वस्तीत हीच पद्धत चित्रांच्या तक्त्यावर करता येते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. बाई एका वेळी एकच काम करत नाही. भात शिजतोय, मांडीवर मूल आहे, हातात गिऱ्हाईकाच्या ब्लाउजचं हेमिंग आहे. तक्त्यात एकाच कामाला जागा असेल, तर मूल सांभाळणं नेमकं गळून जातं. डायरीचा खरा उपयोग तेव्हा होतो, जेव्हा नवरा-बायको दोघांचे तक्ते एकाच भिंतीवर शेजारी लावले जातात. पण निव्वळ डायरीवर तीन वर्षं काढणं मला अन्यायाचं वाटतं. बाईला तिचा थकवा आधीच माहीत असतो. तो आपण तिच्याकडूनच, तिचे दोन तास घेऊन, पुन्हा मोजून घेतला आणि हातावर काही ठेवलं नाही, तर तिचं कामच वाढवलं. म्हणून डायरी सुरुवातीला आणि शेवटी, फरक मोजण्यासाठी. तेवढं पुरे.

रोख पैशांचा पर्याय लवकर निकालात काढता येतो. मध्य प्रदेशात २०२३ पासून लाडली बहना योजना आहे. तिची मासिक रक्कम १००० रुपयांपासून सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. या पैशाचा घरात मान आहे, तो कमी लेखू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२१ मध्ये, अपघाताच्या भरपाईच्या कीर्ती खटल्यात, गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे हे स्पष्टपणे मान्य केलं. पण सरकारच्या शेजारी उभं राहून छोटी संस्था पैसे वाटू शकत नाही, आणि पैशाने पहाटेचा स्वयंपाक कुणी दुसरं करू लागत नाही. संस्थेने इथे एक काम जरूर करावं: लाडली बहना विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता बायकांसाठी आहे. आईवडिलांचं करत घरी राहिलेली अविवाहित मुलगी तिच्यात बसत नाही. आपल्या मराठी घरांत अशा पन्नाशीच्या ताई कमी नाहीत. त्यांची नोंद आपल्या कार्यक्रमात पहिल्या दिवसापासून असावी.

पाणी आणि साधनं यांचं गणित वस्तीप्रमाणे बदलतं. इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात आणि ते एक दिवसाआड मिळतं. नळाची वेळ बाईचा सगळा दिवस ठरवते; पाणी उशिरा आलं तर तिची कामाची पाळी बुडते. गढूळ आलं तर घरात जुलाब, आणि आजाऱ्याच्या उशाशी पुन्हा तीच. वस्त्यांमध्ये पाणी, गटारं, रस्ते आणण्याच्या इंदूरच्या स्लम नेटवर्किंग प्रकल्पाला १९९८ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला, इतकं ते काम मोठं मानलं गेलं. पण पाइप टाकणं हे नगरनिगमचं काम आहे. आपण वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन नळाच्या वेळेसाठी अर्ज-निवेदनं करू शकतो, खर्चाचा मोठा वाटा तिथे घालू नये. जाता जाता एक गोष्ट प्रस्तावात लिहाच: या शहराने स्वच्छतेत जो पहिला क्रमांक वर्षानुवर्षं टिकवला, त्यामागे घराघरांत ओला, सुका, प्लास्टिक असा कचरा वेगळा करणारे हात आहेत. ते बहुतेक बायकांचेच आहेत आणि त्यांचा एक तासही कुठे मोजला जात नाही.

माझा कल झूलाघराकडे आहे, म्हणून त्यावर जास्त बोलते. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची. सहा महिन्यांच्या किंवा दोन वर्षांच्या लेकराला दिवसभर कुठे ठेवायचं, हा प्रश्न तिथे सुटत नाही. कारखान्यात ३० हून जास्त बायका असतील तर पाळणाघर हवं, असं २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाना कायदा सांगायचा. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने तसंच बंधन घातलं. पण परदेशीपुऱ्यात घरी बसून रेडिमेड कपड्यांची शिलाई करणारी, किंवा सकाळी चार घरची भांडी घासणारी, अशा कायद्यांत कुठेच येत नाही. कापड मिला बंद पडल्यावर या भागातल्या कितीतरी घरांचा भार अशाच कामावर आला.

चांगल्या झूलाघराचे नमुने देशात आहेत. मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजूर बायकांच्या मुलांसाठी काम सुरू केलं. अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी संगिनी ही बालसेवा सहकारी संस्था उभारली. तिथे मुलं सांभाळणाऱ्या बायका स्वतःच सभासद आणि मालक आहेत. मला ही दुसरी रीत अधिक पटते, कारण झूलाघर घसरतं ते बहुतेक वेळा पगारावर. वस्तीतल्याच दोन बायकांना ‘मानधन’ देऊन २५ मुलं सोपवली, की आपण बिनपगारी कामाच्या विरोधात कार्यक्रम करता करता जवळजवळ बिनपगारी काम उभं करतो. सरकारी पाळणाघर योजनेचा जुना साचा असाच होता: २५ मुलांमागे एक सेविका, एक मदतनीस, दिवसाचे साडेसात तास. तान्ही बाळं असतील तर दोघींना ते झेपत नाही. वीस मुलांमागे तिघी आणि त्यांना किमान वेतन, याखाली येऊ नये.

वेळ हा दुसरा कळीचा मुद्दा. घरकामाला जाणारीची पाळी सकाळी सात ते बारा आणि संध्याकाळी पुन्हा. शिलाईवालीचं काम दहाला सुरू होऊन सातपर्यंत चालतं. नऊ ते पाचचं झूलाघर दोघींनाही अर्धवट पडतं. वेळा आयांच्या समितीने ठरवाव्यात आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहाव्यात. केनियात नैरोबीच्या एका गरीब वस्तीत स्वस्त पाळणाघराची सोय झाल्यावर आयांचं रोजगारात असण्याचं प्रमाण वाढलं, असं अभ्यासात दिसलं. कोलंबियातल्या बोगोटा शहराने २०२० पासून याहून पुढची कल्पना राबवली: एकाच परिसरात मुलांची सोय, कपडे धुण्याची सोय आणि बायकांसाठी शिक्षणाचे वर्ग. मूल आत खेळत असताना आई दहावीचा अभ्यास करते, किंवा नुसती बसते. नुसतं बसायला मिळणं हाही कार्यक्रमाचा हेतू असू द्या. मोकळा झालेला प्रत्येक तास कमाईत गेलाच पाहिजे असा हट्ट निधी देणारे धरतात. तो आपण मान्य करू नये.

तरीही झूलाघर एकटं पुरत नाही. मूल सांभाळलं जातं, आई काम करून परत येते आणि चुलीशी तीच उभी राहते. बापाने झूलाघराचं दारही पाहिलेलं नसतं. इथे पुरुषांच्या पर्यायाची बाजू भक्कम होते. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांमध्ये झालेल्या अभ्यासात, दोन-अडीच वर्षं नियमित वर्गचर्चा झाल्यावर मुलामुलींचे विचार बदलले आणि मुलगे घरकामात जास्त हात लावत असल्याचं त्यांनीच सांगितलं. चर्चा किती दिवस चालली यावर सगळं ठरतं. एक-दोन दिवसांच्या शिबिराने काही होत नाही. इंदूरच्या गणेशोत्सवात मुलगे दोनशे माणसांचा महाप्रसाद रांधतात, वाढतात, भांडी आवरतात. कौशल्य आहे, घरात ते वापरायची अपेक्षा कुणी ठेवत नाही. त्याच मंडळांतून बोलायला सुरुवात करता येईल. प्रौढ नवऱ्यांबद्दल मात्र मी आशा कमी ठेवीन आणि नियम जास्त. झूलाघरातून मुलाला नेणं-आणणं आठवड्यातून दोन दिवस बापाकडे, पालकसभा रविवारी आणि दोघांना यावं लागेल, शक्य तिथे एक पुरुष मदतनीस पगारी.

तुमचं मंडळ लोकमान्य नगर किंवा रामबाग अशा जुन्या मराठी वस्तीतलं असेल, तर झूलाघराआधी म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न समोर येतो. मुलं पुण्याला, बंगळुरूला. इकडे साठीची सून ऐंशीच्या सासूबाईंना उठवते, न्हाऊ घालते, औषधं देते. तिच्यासाठी दिवसाचं वृद्ध-केंद्र आणि महिन्यातून काही दिवस सुटका मिळेल अशी पगारी पाळी, ही रचना मुलांच्या झूलाघराइतकीच योग्य आहे. पण त्या पाळीला येणारी आया नेहमी वस्तीतून येते आणि तिचं मूल तिकडे तिच्या मोठ्या मुलीकडे असतं. मंडळाच्या सभासदांनी आपल्या घरी येणाऱ्या बाईंची साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजा ठरवल्याशिवाय या विषयावर कार्यक्रम आखू नये. निधी लागत नाही, म्हणून ही अट पहिल्याच बैठकीत पूर्ण होऊ शकते.

सगळं शेजारी ठेवल्यावर माझी निवड अशी: लहान मुलांच्या आया जास्त असलेली वस्ती असेल तर झूलाघर मुख्य, त्याच्या नियमांत बाप बांधलेले, आणि जवळच्या शाळेत सातवी-आठवीच्या वर्गांशी दोन वर्षं सलग काम. डायरी दोनदाच, पण मोठ्या मुलीचा तक्ताही घ्या. आईचा तास मोकळा झाला आणि मुलीचा भरला, तर ते तिथेच कळेल. पाण्यासाठी पाठपुरावा, पैसे वाटप नाही. बैठका बायकांच्या सोयीच्या वेळी, आणि बैठकीच्या जागी मुलं सांभाळायला कुणीतरी हवंच. निधी देणाऱ्याने खर्च कमी करायला सांगितलं, तर तीन झूलाघरांचं एक करा, पण तिथे मुलं सांभाळणाऱ्या तिघींच्या पगाराची ओळ जशीच्या तशी ठेवा.