लाइफ जॅकेट: फोमचं की फुगणारं?

नदी, कालवा किंवा तलावावर सुट्टीभर बोटीत राहायचं, तर सामानाच्या यादीत लाइफ जॅकेट सगळ्यात वर हवं. प्रश्न एवढाच, की कुठलं?

फोमचं साधं. अंगात घातलं की झालं, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. लहान मुलांसाठी मी डोळे झाकून हेच घेईन. लेबलवरचा आकडा मात्र वाचा; जॅकेट पाण्यात किती जोराने तरंगवतं, ते तो न्यूटनमध्ये सांगतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला नुसता आधार देतं. बेशुद्ध माणसाला ते उताणं करेलच असं नाही. पोहता येत नसेल तर किमान १०० न्यूटनचं हवं. शिवाय फोमचं जाड असतं, उकडतं, आणि मग भर दुपारी कुणीतरी काढून बाकावर टाकतं.

फुगणारं जॅकेट अंगावर आहे हेही विसरायला होतं. स्वयंचलित प्रकार पाण्यात पडताच छोट्या सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडने फुगतो, बहुतेक १५० न्यूटनचा असतो. पण याचे लाड फार. सिलिंडर घट्ट बसलाय का, आधी वापरलेला तर नाही ना, स्वयंचलित भागाची मुदत उरली आहे का, हे निघण्याआधीच बघायचं. ओल्या कप्प्यात कोंबलंत तर तिथेच फुगून बसेल! विमानाने जाणार असाल तर सिलिंडरबद्दल विमान कंपनीला आधी विचारा.

दिवसभर दोर ओढणाऱ्या, बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या कालव्याच्या दारांशी झटणाऱ्या मोठ्यांना फुगणारंच बरं. मांड्यांमधून जाणारा पट्टा दोन्हींना लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं.