कारुसोचा बारा सीडींचा संच: काय मिळतं आणि ऐकायचं कसं

नॅक्सॉस हिस्टॉरिकल या लेबलच्या संचात इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोची रेकॉर्डवर टिकून राहिलेली गाणी सालवार लावलेली आहेत. पहिली सीडी १९०२ च्या मिलानमध्ये सुरू होते आणि बारावीवर सप्टेंबर १९२० चं अमेरिकेतलं कॅम्डेन येतं. टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा, आवाज अठरा वर्षांत कसा बदलतो, हे इतकं सलग ऐकायला मिळणं दुर्मीळ आहे. निवडक गाण्यांच्या सीडी पुष्कळ निघाल्या, पण त्यात १९०४ च्या शेजारी १९१७ येतं आणि आवाजाचं वय हरवून जातं. कारुसोची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर सालवार संचच हवा.

नाट्यपदं कानात मुरलेल्या कोल्हापूरकराला हे गाणं परकं वाटायचं कारण नाही. केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ ला गेले, कारुसो त्याच्या दोनच महिने आधी, २ ऑगस्टला, नेपल्समध्ये. दोघांनाही माइक नव्हता. भरलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द आणि सूर पोचवायचा, तोही भूमिका करता करता, हेच दोघांचं काम. कारुसोचं न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा तर तीन हजारांहून जास्त प्रेक्षकांचं होतं, आणि समोर पूर्ण वाद्यवृंद. तिथे २३ नोव्हेंबर १९०३ ला ‘रिगोलेत्तो’मधून तो पहिल्यांदा उभा राहिला आणि पुढे आठशेहून जास्त वेळा गायला.

पट्टीचा अंदाज असा घ्या. पांढरी एकचा खर्जाकडचा षड्ज धरून गाणारा पुरुष गायक समजा. टेनरची खरी कसोटी त्याच्या तार गंधारापासून तार पंचमापर्यंत असते. तिथे छातीचा मोकळा आवाज तसाच वर रेटला की तो फाटतो किंवा ओरडल्यासारखा होतो. म्हणून स्वर किंचित झाकून, गोल करून वळवावा लागतो. त्याच्याही वर, अतितार षड्जापर्यंत, आवाज भरीव राहिला पाहिजे. कारुसोचा हा सांधा ऐकू येत नाही, आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तेच आहे. अतितार षड्ज ही काही त्याची खासियत नव्हती. त्याचा दबदबा मधल्या आणि तार सप्तकातल्या भरीवपणावर होता.

आता रेकॉर्डिंगबद्दल. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ मध्ये आलं, त्यामुळे इथली सगळी गाणी भोंग्यात गायलेली आहेत. भोंगा साधारण २०० ते २५०० हर्ट्‌झमधलंच नीट पकडायचा. टेनरचे मूळ स्वर आणि त्यांचे महत्त्वाचे उपस्वर नेमके त्यात बसतात, म्हणून तो काळ टेनरच्या रेकॉर्डींना मानवला. उंच स्त्री-आवाजांचे उपस्वर कापले जाऊन ते पोकळ व्हायचे. पण टेनरचंही थोडं नुकसान आहेच: वाद्यवृंद भेदून जाणारी धातूसारखी खणखण ३००० हर्ट्‌झच्या आसपास असते आणि भोंग्याला ती कडेकडेनेच लागते. थिएटरात हा आवाज आपण ऐकतो त्याहून बराच टोकदार असणार. वाद्यांची तर दैनाच. डबल बास भोंग्यात उतरत नसे म्हणून बऱ्याचदा त्याच्या जागी ट्यूबा असे, व्हायोलिनलाही कर्णा जोडलेली खास बनावट वापरत. साथ बँडसारखी वाटते ती त्यामुळे, तुमचे स्पीकर बिघडलेले नाहीत.

या संचासाठी जुन्या रेकॉर्डींची सफाई वॉर्ड मार्स्टनने केली आहे, आणि त्यातलं मोठं काम वेगाचं आहे. ‘७८ ची रेकॉर्ड’, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, असं आपण सरसकट म्हणतो, पण त्या काळी वेग ठरलेला नव्हता. ७६ वर कापलेली रेकॉर्ड ७८ वर लावली की सूर जवळपास पाव स्वर चढतो. वेगात सहा टक्के फरक पडला की काळी एकची पांढरी दोन होते. मिलानच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी तर ७८ पेक्षा बऱ्याच सावकाश कापलेल्या आहेत. त्या जोरात फिरवल्या की आवाज पातळ होतो, स्वराचं कंपन घाईचं वाटतं आणि ‘आ’कार चपटा लागतो. कारुसो तरुणपणी बारीक आवाजाचा होता असा समज अशा ऐकण्यातूनही होतो.

इंटरनेटवर फुकट मिळणारी एखादी प्रत तपासायची असेल तर गाण्याचा शेवटचा स्वरमेळ थांबवून, नीट लावलेल्या पेटीवर जुळवून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर वेगाची शंका घ्या. पट्टीवर नेमका बसला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. गायक सोयीसाठी गाणं अर्ध्या स्वराने उतरवूनही घेत, तेव्हा आवाजाचा पोतही बघावा लागतो.

खरखर मार्स्टनने बऱ्यापैकी ठेवली आहे, आणि ते योग्यच केलं. ती पूर्ण मारायला गेलं की तिच्याबरोबर व्यंजनांची धार आणि श्वासाचा आवाजही जातो. पाचेक मिनिटांत कान खरखर सोडून देतो, पण गेलेले शब्द परत येत नाहीत. त्याहून वाईट प्रकार म्हणजे जुन्या आवाजाखाली नवा वाद्यवृंद घालून काढलेल्या आवृत्त्या. १९३० च्या दशकात अशा रेकॉर्डी निघाल्या, पुढे संगणकाच्या मदतीनेही निघाल्या. गायक श्वासाला थांबतो किंवा एखादा स्वर लांबवतो, तेव्हा मागून जोडलेल्या वाद्यांना त्याचा पाठलाग करावा लागतो. ऑपेरातली साथ गायकाबरोबर श्वास घेते. ती गोष्टच तिथे मरते. खोक्यावर ‘नवा वाद्यवृंद’ दिसला तर घेऊ नका.

आधी कुठली गाणी ऐकावीत? ‘उना फुर्तीवा लाग्रिमा’ची १९०२ ची आणि १९११ ची रेकॉर्ड लागोपाठ लावा. पहिलीत नुसता पियानो आहे आणि आवाज हलका. दुसरीत वाद्यवृंद आहे, आवाज गडद आणि वजनदार, तरी गाणं जड होत नाही. शेवटाजवळ साथ थांबते आणि गायक एकटा मोकळी जागा घेतो, तिथे दोन्हींत तो दम कसा राखतो ते बघा. या दोन रेकॉर्डींच्या मध्ये, १९०९ मध्ये, स्वरतंतूवरच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेली आहे, हेही लक्षात असू द्या. मग ‘वेस्ती ला जुब्बा’, दुःख गिळून लोकांना हसवायला निघालेल्या विदूषकाचं गाणं: १९०२, १९०४ आणि १९०७, याच क्रमाने. हुंदका सगळे ऐकतात. त्याच्या आधीची ओळ तार धैवताकडे चढताना तो शब्द किती स्वच्छ ठेवतो ते ऐका. शेवटी १९२० ची ‘राशेल’. बाराव्या सीडीचा जीव तीच आहे. मुलगी की सूड या पेचात अडकलेल्या म्हाताऱ्या ज्यू सोनाराचं ते गाणं. आवाज जवळजवळ बॅरिटोनच्या, म्हणजे टेनरहून खालच्या पुरुष-आवाजाच्या, रंगाचा झालाय, आणि म्हातारपण सोंगाचं वाटत नाही. डिसेंबरमध्ये ब्रुकलिनला रंगमंचावरच घशातून रक्त येऊन प्रयोग थांबला. २४ डिसेंबर १९२० ला ‘राशेल’मधल्या याच सोनाराच्या भूमिकेत तो मेट्रोपॉलिटनवर शेवटचा उभा राहिला.

मैफलीतला कारुसो नेपल्सच्या गाण्यांत भेटतो. १९१६ ची ‘ओ सोले मिओ’ लावून बघा: भूमिका नाही, पोशाख नाही, त्यामुळे लय सैल आणि उच्चार घरचे. १९१९ मध्ये मेक्सिको शहरात तो बैलझुंजीच्या मैदानात उघड्यावर गायला होता. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात माइकशिवाय गाण्यासारखंच ते. शेवटच्या वर्षांतली काही इंग्रजी गाणी मात्र सोडून दिलीत तरी चालतील. संच ‘संपूर्ण’ आहे म्हणून ती आहेत.

एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त ऐकू नका. रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची, म्हणून काही ठिकाणी लय घाईची आहे, काही कडवी गाळली आहेत. लागोपाठ वीस गाणी ऐकली की सगळं सारखंच वाटायला लागतं. शब्दांचा अर्थ आधी वाचून घ्या. हेडफोनवर खरखर डोक्यात बसते, मध्यम आकाराचे दोन स्पीकर आणि सहा-सात फुटांचं अंतर बरं. ध्वनिमुद्रण मोनो आहे, तेव्हा ‘सराउंड’ आणि ‘बास बूस्ट’ दोन्ही बंद. ट्रेबल थोडा कमी केलात तर चालेल, अर्ध्याखाली नको. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर प्लेलिस्टच्या नादी न लागता अल्बम उघडा, शफल बंद करा आणि सफाई मार्स्टनचीच आहे का ते बघून घ्या, कारण कारुसोच्या नावाने वाटेल त्या वेगाच्या प्रती चढवलेल्या असतात.

बाराही सीडी एकदम घ्यायची गरज नाही. पहिली आणि बारावी आधी घ्या, नंतर १९०६ ते १९११ ची वर्षं ज्यांत येतात त्या. ऑपेरा अजिबात न ऐकलेल्या माणसालाही याच क्रमाने द्या. फक्त पहिल्या दिवशी १९०२ लावू नका. १९०७ ची ‘वेस्ती ला जुब्बा’ आधी ऐकवा. वाद्यवृंद आहे, आवाज ऐन भरात आहे, आणि खरखरीची सवय व्हायला तेवढं पुरतं.