बाईकचं साधं ऑईल: कंपनी बघायची की कॅनची मागची बाजू?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की मेकॅनिक विचारतो, "ऑईल कुठलं टाकू?" आपण कॅस्ट्रॉल, सर्वो, गल्फ असं काहीतरी सांगून मोकळे होतो. स्प्लेंडरवाल्याने खरं तर सांगायला हवं, "१०डब्ल्यू-३०, एमए," म्हणजे ऑईलच्या जाडीचा आकडा आणि क्लचसाठीचं अक्षर. कंपनी नंतर.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. घरातल्या कारचं ऑईल अर्धा कॅन उरलं होतं, चांगल्या नावाजलेल्या कंपनीचं. म्हटलं, वाया कशाला घालवा, ओतलं बाईकमध्ये. काही दिवसांनी डबलसीट खंबाटकी चढताना इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाहीये. क्लच स्लिप. बहुतेक बाईकच्या क्लचप्लेटा इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असू शकतात, आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. म्हणून कॅनच्या मागे जासोचा (दुचाकीच्या ऑईलचं जपानी मानक) चौकोन शोधा: बाईकला एमए किंवा एमए२. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच ऑईलबाहेर, कोरडा असतो. तिला एमबी चालतं, पण तेच बाईकमध्ये ओतू नका.

जाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल तोच. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, जुन्या बुलेटला २०डब्ल्यू-५०. "उन्हाळा आहे, जाड टाकू" हा सल्ला गोड वाटतो, पण नव्या इंजिनात जाड ऑईल म्हणजे सकाळी जड स्टार्ट आणि ॲव्हरेजला कात्री. एपीआयचं (ऑईलचा दर्जा सांगणारं अमेरिकन मानक) अक्षर मॅन्युअलमधल्या अक्षराइतकं किंवा पुढचं असावं. एसएल मागितलंय तिथे एसएन बिनधास्त चालतं.

हे तिन्ही जुळले, की साध्या मिनरल ऑईलमध्ये कंपनीपरत्वे फरक फार उरत नाही. ज्यात द्रव्यं मिसळून ऑईल बनतं ते मूळ तेल (बेस ऑईल) गाळणारे कारखाने मोजकेच. आपल्या माहुलला एचपीसीएल आणि बीपीसीएल दोघेही ते काढतात, आणि मूळ तेल विकत घेऊन त्यात आपली द्रव्यं मिसळून विकणाऱ्या कंपन्या मात्र ढीगभर. मिश्रणात उन्नीस-बीस असतं, नाही असं नाही. पण वेळेवर ऑईल बदलणाऱ्याला ते जाणवेल असं मला वाटत नाही.

मग घ्यायचं कुठलं? जाहिरातीतली मोठी खासगी कंपनी: माल चांगला, गल्लीतल्या दुकानातही मिळतो, पण डुप्लिकेटही याच नावांचं जास्त निघतं. पंपावरचं सर्वो, मॅक किंवा एचपी: दिसायला साधं, बऱ्याचदा थोडं स्वस्त, आणि त्याच कंपनीच्या पंपावर घेतलं तर भेसळीची धास्ती कमी. माझं मत इथेच पडतं. शोरूमचं 'जेन्युइन' ऑईल: गाडीची कंपनी ते स्वतः गाळत नाही, ऑईल कंपनीकडून आपल्या मापाने करून घेते. वॉरंटी चालू असेल तर मुकाट्याने हेच घ्या, वाद नको. आणि ड्रममधलं सुटं ऑईल, ज्यावर ना ग्रेड ना तारीख: फुकट दिलं तरी नको.

कंपनी बदलली की इंजिन बिघडतं, हीही एक समजूत आहे. ग्रेड तोच असेल तर दोन कंपन्यांची ऑईलं एकत्र झाली तरी चालतात. इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं, ते बहुतेक वेळा ऑईल कमी झाल्यावर. त्यामुळे ब्रँडवर तासभर वाद घालणाऱ्याने महिन्यातून एकदा डिपस्टिक बघितली तर जास्त उपयोग. गाडी मेन स्टँडवर, काडी पुसून परत घालायची, स्प्लेंडरला आटे न फिरवता नुसती टेकवायची, आणि ऑईल दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहायचं. खालच्या खुणेला टेकलं असेल तर मिळेल त्या कंपनीचं, पण त्याच ग्रेडचं, ओता.

सील आपल्यासमोर फोडायला सांगा. आणि रिकामा कॅन गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. तोच कॅन पुन्हा भरून उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीत जातो.