दहा लिटरचा थंड पाण्याचा जग: दिवाळीपासून मेअखेरपर्यंत, दोन लेकरं आणि खानदेशचं ऊन

दिवाळीच्या सुट्टीआधी सव्वा हजाराच्या आसपास देऊन हा जग घेतला. आता शाळा उघडायला आठवडा उरलाय आणि तो घासूनपुसून ओट्यावर उलटा घातलाय. आम्ही जळगावचे. मुलगी तिसरीत, मुलगा चार वर्षांचा, सोबत आई आणि नाना, म्हणजे माझे सासू-सासरे. सुट्टीत लांब कुठे जाणं जमत नाही, म्हणून पहाटे निघून संध्याकाळी घरी, अशा सहली करतो. आधी वाटेत बाटल्या विकत घ्यायचो. सहा माणसांत दिवसाला दहा-बारा बाटल्या जायच्या आणि दुपारी दोननंतर मिळेल ते पाणी कोमटच असायचं.

जग बाहेरून प्लास्टिकचा, आतलं भांडं स्टीलचं, मधे फोम, खाली दाबायची तोटी. ही तोटी मला सगळ्यात जास्त आवडली. मुलगा स्वतः पेला धरतो, स्वतः दाबतो. आपल्या हाताने घेता येतं म्हणून तो एरवीपेक्षा दुप्पट पाणी पितो. लहान मुलांना तहान लागलेली खेळात कळत नाही, त्यामुळे ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही.

पहिली फेरी पाटणादेवीची. चाळीसगावपासून अठरा किलोमीटरवर, गौताळा अभयारण्यात. ऑक्टोबर असल्यामुळे डोंगर हिरवे होते. चंडिकेचं दर्शन झालं, झाडाखाली सतरंजी टाकली, कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत काढलं. मुलीला सांगितलं, की गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला होता आणि तसा शिलालेख पाटण्यात सापडलाय. तिने विचारलं, "म्हणजे पाढे इथून आले?" सकाळी साडेपाचला भरलेल्या जगात दुपारी चारला बर्फाचे तुकडे तरंगत होते. त्या दिवशी मी जगावर खूश होते.

नाताळच्या सुट्टीत हतनूर धरणाकडे गेलो. थंडीत तापी-पूर्णेच्या फुगवट्यावर परदेशी बदकं उतरतात. नानांनी मुलाला खांद्यावर घेऊन चक्रवाक दाखवले. परतताना चांगदेवच्या संगमावर थांबलो. थंडीत जगाची परीक्षाच नव्हती, बर्फाशिवाय भागलं. जानेवारीतल्या एका रविवारी अडावदजवळच्या उनपदेवला गेलो. दगडी गोमुखातून बाराही महिने गरम पाणी पडतं. मुलाने हात लावला, चटकन मागे घेतला आणि पळत जाऊन जगाच्या तोटीखाली धरला. गरम आणि गार असे दोन्ही हात तो दिवसभर सगळ्यांच्या गालाला लावून दाखवत होता.

चौथ्या महिन्यात तोटी गळायला लागली. डिकीतली सतरंजी ओली, डब्यातल्या पुऱ्या ओल्या. कंपनीच्या ग्राहक सेवेला तीनदा फोन केला, दर वेळी तक्रार नोंदवली असं सांगितलं आणि पुढे कोणी विचारलं नाही. वॉरंटी वर्षाची होती, म्हणून मला याचा खरोखर राग आला. शेवटी नळाचं सामान विकणाऱ्या दुकानात रबरी वायसर मिळाला, दहा रुपयांत काम झालं. तुम्ही घेतलात तर पहिल्याच दिवशी दोन वायसर जास्तीचे आणून ठेवा. आणि जगात सरबत करू नका. मी एकदा लिंबाचं केलं, तर पुढे आठवडाभर पाण्याला वास येत राहिला. खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवला तेव्हा गेला.

खरी गोष्ट मे महिन्याची. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो हे आम्हाला नवं नाही, तरी चूक केलीच. धुळ्याला नणंदेकडे गेलो होतो, मुलांनी किल्ल्याचा हट्ट धरला म्हणून महामार्गालगतच्या लळिंगला निघालो. आवरता आवरता चढायला साडेनऊ झाले. दहा लिटर पाणी म्हणजेच दहा किलो, वर जगाचं वजन. तो कोण चढवणार? जग गाडीत राहिला. वर न्यायला एक लिटरची एकच बाटली होती. वाटेत सावली नाही. फारुकी राजांच्या किल्ल्याचे टाके बघेपर्यंत बाटली संपली होती. मुलगा बोलेनासा झाला. तोंड लालबुंद, ओठ कोरडे, अंगाला घाम नाही. यांनी त्याला उचलून घेतलं आणि आम्ही जवळजवळ धावत उतरलो. खाली झाडाच्या सावलीत झोपवला, ओल्या पंचाने अंग पुसलं. तो नीट शुद्धीवर आहे, गिळतोय, हे बघून घोट घोट पाणी दिलं आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी तो खेळायला लागला. मी मात्र ती रात्र त्याच्या कपाळावर हात ठेवून काढली.

नाना एसटीत ड्रायव्हर होते. ते रागावले नाहीत. घरी आल्यावर माळ्यावरून त्यांची जुनी छागळ, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी काढली, धुऊन भरली आणि खिडकीला टांगली. म्हणाले, "जठे पोरे, तठे पानी." जाड कॅनव्हासमधून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपली मेची हवा कोरडी, त्यामुळे ती माठासारखं गार ठेवते. पावसाळी दमट हवेत हे जमणार नाही. त्यानंतर मेअखेर तोरणमाळला गेलो. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर घाट चढला, की हवा बदलते. तिथे यशवंत तलावाच्या काठाने फिरताना छागळ यांच्या खांद्याला होती आणि दोन्ही मुलांच्या गळ्यात अर्ध्या लिटरच्या बाटल्या. जग गाडीत होता आणि आम्ही त्यातून बाटल्या भरून घेत होतो. त्याचं काम हेच आहे, हे समजायला मला सात महिने लागले.

उन्हाळ्यात जगातला बर्फ बाराच्या आतच विरघळतो. काही गोष्टींनी फरक पडला. आदल्या रात्री जगात गार पाणी भरून ठेवायचं, म्हणजे भांडं आधीच गार होतं. ट्रेमधल्या छोट्या तुकड्यांऐवजी स्टीलच्या डब्यात एकच मोठी लादी गोठवायची, ती हळू विरघळते. बंद डिकीत ठेवायचा नाही, सीटखाली ओलं पोतं गुंडाळून ठेवायचा. आणि ओआरएसची पाकिटं बरोबर हवीतच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं आईंना आता तोंडपाठ आहे.

मेमध्ये आता बाहेरचं फिरणं सकाळी दहापर्यंतच. दुपार छताखाली काढायची असेल तर जळगावातच जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ आहे, 2012 मध्ये सुरू झालेलं. मुलीला तिथे तीन तास कमी पडले.

घेणार असाल तर आत अख्खा हात जाईल एवढं तोंड असलेलाच जग घ्या. आमच्यात जातो, म्हणून तळाचा बुळबुळीतपणा निघतो. सहा माणसांना दहा लिटर दुपारपर्यंत पुरतं, पुढे भरून घ्यावं लागतं. छागळ मात्र बाजारात शोधली तरी मिळाली नाही. आता नानांचीच जुनी दुरुस्त करून घ्यायचीय, तळाची शिवण उसवत आलीय.